रापणीतला वाटा

आमच्या पडवीतून अंगणवाडी दिसते, त्यामुळे तिथल्या बाईंचा आवाज सकाळभर कानावर असतो. मुलांना त्या तयार उत्तर कधी देत नाहीत. खेळ ऐन रंगात आला की मुद्दाम मोडता घालणार: "जाळ्यात मासोच नाय गावलो. आता काय करूया?" मग मुलं भांडतात आणि काहीतरी वाट काढतात. जी आपला हट्ट सोडेल, तिच्या डोक्यावरून बाईंचा हात फिरतो. "शाणी गो माझी बाय!"

त्यांचा आवडता खेळ रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढण्याचा. ओढायला दोरी, जाळं म्हणून जुनी साडी, मासे म्हणून फणसाची पानं. नियम किनाऱ्यावरचाच: दोरीला ज्याचा हात लागला, त्याला वाटा.

या हंगामात एका मुलीचे वडील होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. तेव्हापासून ती कोपऱ्यात बसून असायची. परवा बाईंनी दोरीचं टोक तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. ती उठली आणि सगळ्यांबरोबर दोरी ओढू लागली. वाटे पडले, तेव्हा तिने ढिगातली थोडी पानं वेगळी मांडली.

"ह्यो बाबाचो वाटो."

"तेना खंय दोरी ओढल्यान?" शेजारची पोर म्हणाली. त्यात खोडी नव्हती. नियमच तसा होता.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. शेवटी त्या मुलीनेच ती पानं उचलली आणि परत ढिगात टाकली.

हट्ट सोडला होता तिने. पण बाई तिला शाणी म्हणाल्या नाहीत. पाठ फिरवून दोरी गुंडाळत राहिल्या.