न्हाल्यावरचं औषध

माझी बायको मंगळवारी वारली. बाहेर बसून तिला अकरा दिवस झाले होते.

माझ्या आईच्या हातचा काढा धारूरपासून सिरसाळ्यापर्यंत नावाजलेला होता. लोध्र आणि उंबराची साल उकळून ती तो करी आणि देवापुढे ठेवी. ज्यांचं अंगावरून जाणं थांबत नसे, त्या बायका तिच्याकडे येत. पण औषध देवापुढचं, म्हणून ते विटाळात द्यायचं नाही, न्हाल्यावर द्यायचं. आणि जाणं थांबल्याशिवाय न्हायचं नाही. म्हणजे जिचं आपोआप थांबलं तिलाच काढा मिळे. त्यामुळे तो घेऊन गुण आला नाही, असं कधीच झालं नाही.

बायकोचं थांबेना. सहाव्या दिवशी तिनं गोठ्याशेजारच्या खोपटातून विचारलं, “आत्याबाई, थांबल्यावर औषध कशाला लागतंय?”

शिकलेल्या नवऱ्याच्या बायकोला तोंड फुटतं, असं आई मला ऐकवून शेजारणीला म्हणाली.

मी सरकारी मदरशात उर्दूतून भूगोल शिकवत होतो. वैद्यकाची दोन पुस्तकंही नगरहून आणून ठेवली होती. नवव्या दिवशी त्यांतलं एक पान मी आईला वाचून दाखवलं. रक्त जात असतानाच लोध्र द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आई तांदूळ निवडत होती.

“पुस्तकाला इटाळ लागत न्हाई,” ती म्हणाली. “घराला लागतो.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. काढ्याचं भांडं माझ्यापासून चार हातांवर होतं आणि ते उचलायला उत्तराची गरज नव्हती, हे मला पुष्कळ नंतर सुचलं. मी पानात खूण घातली आणि शाळेत गेलो. त्या दिवशी मुलांकडून गोदावरीच्या उपनद्या पाठ करून घेतल्या. एकही सुटू दिली नाही.

मंगळवारी शेजारणींनी तिला न्हाऊ घातलं. तेव्हा औषधाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्याच महिन्यात आष्टीकडून दोन बायका बैलगाडीनं काढ्यासाठी आल्या. आईच्या औषधाला अपयश आल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? सुनेनं ते घेतलंच नव्हतं.

आता आई थोरल्या भावाकडे असते. आमची मुलगी माझ्याजवळच वाढली, न्हातीधुती झाली. ती बाहेर बसत नाही; काढा लागला तर मी तो त्याच दिवशी उकळून देतो. आमच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.