उपवासाच्या घरची चूल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. एका शुक्रवारची दुपार मात्र काही केल्या मनातून जात नाही. आजवर ती कुणाला सांगितली नव्हती.

आणीबाणीचा काळ. तासगावकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावाबाहेर कॅथलिक मिशनचा दवाखाना होता आणि एक वयस्क सिस्टर तो चालवत. त्यांच्याकडे परदेशातून तेलाचे डबे आणि गव्हाचा दलिया यायचा. वाटपासाठी त्या तो माल एका सेवाभावी ट्रस्टकडे द्यायच्या. ट्रस्टचं नाव चांगलं होतं. आम्ही ठाण्यातले लोकही पगारातून त्याला वर्गणी द्यायचो.

ट्रस्टचे चिटणीस सकाळीच खबर घेऊन आले. "सिस्टरच्या गोदामातला, आमच्याकडे यायचा माल गायब आहे, साहेब. काळ्या बाजारात गेला असणार. तुमच्याकडून होत नसेल तर वर कळवतो." वर कळवण्याचा अर्थ त्या दिवसांत सगळ्यांना ठाऊक होता. सिस्टर आत गेल्या असत्या आणि दवाखान्याला कुलूप लागलं असतं.

स्टेशन डायरीत नोंद करून मी निघालो. गोदाम खरोखरच रिकामं होतं. राखणदार फौजेतून परतलेला, समोरच्या ख्रिस्ती वस्तीतला माणूस. त्याला उभा केला.

"माल कुठाय?"

"वाटला."

"कुणाला?"

"ते न्हाई सांगायचा. तुमी जीप घिऊन जाशीला त्यांच्या दारात."

त्याचा रोख मला कळला. ट्रस्टच्या नसबंदी शिबिराला माणसं आणायला ठाण्याची जीप मीच दिली होती.

"त्याला दरडावू नका," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावरून केलंय त्यानं. बसा. चहा तुमच्यापुरता करते. आमचा ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार आहे."

चहा मी नाकारला. मग त्यांनी सांगितलं की ऑपरेशनचं कार्ड दाखवेल त्यालाच आता ट्रस्ट तेल देतं. "आमच्या धर्मात ते ऑपरेशन पाप आहे. पण धर्म बाजूला ठेवा. भुकेल्याला तेल दाखवून त्याचं शरीर मागायचं? त्यात माझा डबा नको."

"आणि तुम्ही माल अडवल्यानं माणसं उपाशी राहिली तर?"

"तोच तर घोर आहे, साहेब. नाही म्हणणं सोपं. नाही म्हटल्यावर त्यांना जेवू कोण घालणार?"

एवढं बोलून त्या दवाखान्यात परत गेल्या. माल कुणाला वाटला, ते त्यांनीही सांगितलं नाही.

मी बाहेर पडलो. चोरीचा माल दडवणारा माणूस आधी चूल दडवतो, हा माझा अनुभव. समोरच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र प्रत्येक छपरातून धूर निघत होता. आज तर यांचा उपवास. मग उपवासाच्या घरात एवढं शिजतंय काय?

राखणदाराच्या घरामागे गेलो. द्राक्षबागेतल्या मजूर बायका पोरांना घेऊन जेवायला बसल्या होत्या. राखणदाराची बायको मोठ्या पातेल्यातून दलियाची खिचडी वाढत होती. शेजारच्या घरीही तेच, त्यापुढच्या घरीही तेच. गोदामातला माल घराघरांत वाटून घेऊन वस्ती शिजवत होती. कार्ड कुणी मागत नव्हतं. वाढणारीचे ओठ सुकलेले होते.

"तुम्ही घरातली कधी जेवणार?" मी विचारलं.

"आज उपास हाय न्हवं. आन् एरवी बी ह्यातलं आमी घेत न्हाई. आमची भाकरी येगळी."

ही माणसं स्वतः रोजंदारीवर जाणारी. ट्रस्टला दिलेला नकार त्यांना दुसऱ्याच्या पोटावर ढकलायचा नव्हता. त्याचा भार त्यांनी आपल्या चुलीवर घेतला होता. त्या अंगणात माझी मान आपोआप खाली गेली. देवळात ती तशी कधी गेली नव्हती.

माल मिशनचा, वाटपही मिशनच्या मर्जीनं. "दखलपात्र गुन्हा दिसून येत नाही," असा अहवाल मी पाठवला. चिटणीस बरेच दिवस धुमसत होते, पण पुढे काही करू शकले नाहीत. ट्रस्टची माझी वर्गणी त्या महिन्यापासून बंद झाली. आजही कुणी देणगी मागायला आलं की मी एवढंच विचारतो, "घेणाऱ्याकडून बदल्यात काय घेता?"

त्या दुपारी मी निघालो तेव्हा राखणदाराच्या बायकोनं ताटली पुढे केली होती.

"सकाळपास्नं हिंडताय. बसा, साहेब."

"मी नको. हे भुकेल्यांचं आहे."

"कोण भुकेला, ते आमी इचारत न्हाई. बसा."

टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्या बायकांच्या पंगतीत बसून मी जेवलो.