गाळलेलं आडनाव

खोर्शेद रुस्तम इराणी हे पूर्ण नाव अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये कुणी घेत नसे. सगळ्यांच्या त्या मावशी. पुण्यात कॅम्पातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या मुलाकडे आल्या, आणि गेली सहा वर्षं दर रविवारी लायब्ररीत मराठी पोरांना फुकट शिकवत होत्या. आजोबा इराणातल्या यझदहून पुण्याला आलेले. बाकी बाई अस्सल पुणेरी, म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय घास उतरायचा नाही.

यंदा तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा देखावा होता 'अंकांचा प्रवास'. मधला फलक तुम्हीच करा, अशी गळ अध्यक्ष सुमंतनेच घातली. मावशी महिनाभर खपल्या. भारतातले अंक इराणी वंशाच्या अल-ख्वारिझ्मीने बगदादेत बसून कसे समजावून सांगितले, त्याचं बीजगणित युरोप कसं शिकला, सगळं मांडलं. शेवटी मरियम मिर्झाखानी, तेहरानमध्ये शिकलेली, गणितातलं सर्वोच्च फील्ड्स मेडल मिळवणारी पहिली बाई.

गणपतीच्या सकाळी हॉलमध्ये जाऊन बघतात तर फलक गायब. भारतातून निघालेला बाण थेट इटलीत. मध्ये कोरी भिंत आणि तिच्यावर झेंडूची माळ.

"माझा फलक कुठाय?"

"मावशी, चिडू नका," सुमंत म्हणाला. "सध्या न्यूज बघताय ना? इराण एवढ्या मोठ्या अक्षरात, त्यात फोटो फेसबुकवर जाणार. अर्ध्या लोकांची ग्रीन कार्डं अडकलीयत. कशाला रिस्क घ्यायची?"

"बाराशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस तुझं ग्रीन कार्ड अडवणार?"

"तसं नाही हो. आणि संध्याकाळी तुमचा सत्कारही ठेवलाय."

मावशींचं डोकंच फिरलं. भेकड मेला! ह्याच्या पोरीला, इलाला, अपूर्णांकांनी रडू यायचं, तेव्हा कोण बसलं होतं तिच्याशेजारी?

तरी संध्याकाळी त्या आल्या, फलक परत लावून घ्यायचाच म्हणून. भिंत अजून कोरीच होती. आरती झाली, कार्यक्रमपत्रिका हातात पडली. त्यात छापलं होतं, 'सत्कार: श्रीमती खोर्शेद रुस्तम'. आडनाव खाऊन टाकलेलं. सुमंतने माइकवरही तेवढंच वाचलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी हसला.

मावशींनी त्याच्या हातातून माइक घेतला.

"मधली पायरी गाळली की मी मार्क देत नाही, हे तुमच्या पोरांना विचारा. तुम्ही दोन गाळल्यात. एक भिंतीवरची, एक माझ्या नावातली." शालीची नीट घडी घालून त्यांनी ती नारळासकट सुमंतला परत दिली. "ही खोर्शेद रुस्तमची. त्या बाईला मी ओळखत नाही. भेटली तर द्या."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

रविवारी मावशींनी लायब्ररीत नेहमीसारख्या अकरा खुर्च्या मांडल्या. एकही पोर आलं नाही. व्हॉट्सॲपवर अकराही जणांना एकदम ताप आला होता, इलालासुद्धा. मावशींनी फळ्यावर तारीख घातली, खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि क्लास संपायच्या वेळेपर्यंत बसून राहिल्या.