विकलेल्या माश्या

शिलाबाले गावात सिल्वेस्त्रासला पुरलं ते फेब्रुवारीत. वाळू इतकी गोठली होती की खड्ड्यासाठी पुरुषांनी आधी कुऱ्हाड चालवली आणि मग फावडं. त्याची बायको मोर्ता कडेला उभी होती. ती रडली नाही. तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून बसलेल्या बायका घरी जाताना म्हणाल्या, बाई मोठी खंबीर. शेजारीण ब्रोने म्हणाली, खंबीर कसली, दगड आहे. ब्रोनेच्या जिभेला हाड कधीच नव्हतं.

मोर्ता खंबीरही नव्हती आणि दगडही नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्या अंगभर झालं होतं. चूल पेटवायची, बटाटे उकडायचे, मुलाचा नॉर्वेहून फोन आला की "हो, जेवले" म्हणायचं. दिवस उगवत होता तसा मावळत होता, आणि त्यात तिचा काही हात नव्हता.

मधाच्या सात पेट्या मात्र तिच्या गळ्यात पडल्या. सिल्वेस्त्रास टेलिफोनचा तारवाला. उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला, आणि तिथूनच आणलेली तांब्याची बारीक तार तो पोळ्यांच्या चौकटींत ओवायचा. बाकी सगळे लोखंडी तार वापरतात. "तांबं गंजत नाही," असं तो ऐटीत सांगायचा, जणू खाण त्याच्याच मालकीची होती. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक त्या पेट्या." मोर्ताने ते कानाआड केलं. पोरगं बारा वर्षं परदेशात, त्याला कोण सांगणार?

आमच्याकडे मधमाशी विकत नाहीत. शहराकडे आता विकतात, जाहिरातीही देतात, पण या जंगलपट्टीत अजून कुणाची छाती झालेली नाही. माशी द्यायची असते, किंवा ती आपल्या पायाने येते. एकाचा थवा उडून दुसऱ्याच्या अंगणात उतरला की ती दोन घरं मधसोयरी होतात. मग त्यांनी एकमेकांशी भांडायचं नाही, एकमेकांवर आळ घ्यायचा नाही, आणि नवा मध काढला की दुसऱ्याला पानावर बसवल्याशिवाय बोट चाटायचं नाही. विकत घेतलेली माशी घर बुडवते म्हणतात. विकणाऱ्याचं आधी बुडतं.

सिल्वेस्त्रासचा मधसोयरा ल्युदविकास. जंगलापलीकडे एकटा राहायचा. लग्नाचं जमलं नाही, गाय होती ती म्हातारपणी गेली, राहिल्या त्या दहा पेट्या. तो पेट्यांशी बोलायचा आणि माणसांशी जेमतेम. त्या दोन अंगणांखेरीज आसपास कुणाकडे पेट्या उरल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये तो सायकलवरून आला होता. गोठ्याच्या माळ्यावर चौकटींतली जुनी तयार पोळी पडून असतील तर हवीत म्हणाला. मोर्ताने शिडी लावली. एका कोपऱ्यात चौकटी रचलेल्या होत्या, आणि त्यांच्यापासून लांब, शिडीजवळच्या तुळईला लाल दोरीने बांधलेला एक गठ्ठा वेगळा लटकत होता. तिने तोच काढून दिला, कारण तो हाताशी होता. एवढंच कारण. फार वर्षांपूर्वी नवरा म्हणाला होता, "त्याला हात लावू नकोस," हे तिला त्या वेळी आठवलंही असेल. पण आठवणं आणि काही वाटणं या तेव्हा तिच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

जूनच्या सुरुवातीला ल्युदविकास पुन्हा आला.

"तुझ्या पेट्या बघतो जरा," तो म्हणाला.

"बघ की."

त्याने सातही पेट्या उघडल्या आणि एकेक चौकट उन्हात धरून पाहिली. काडीने अळ्या टोचून पाहिल्या. पोळ्याला नाक लावलं. मोर्ता पायरीवर बसून बटाटे सोलत होती.

"काय हुंगतोस रे एवढं?"

"मध," तो म्हणाला. जाताना मात्र हसला. "छान आहेत तुझ्या. ठणठणीत आहेत अगदी."

जुलैत लिंडेनची झाडं फुलून गेली आणि मोर्ताने मध काढला. हात आपोआप चालत होते. बरण्या भरल्या, एक शेजारी म्हणून ब्रोनेला दिली, आणि रिवाज म्हणून ल्युदविकासला बोलवायला सायकल काढली. बरोबर मधाची एक बरणी, काळा पाव आणि परसातल्या कोवळ्या काकड्या. तो आला नाही तर तिथंच पान मांडावं, असा हिशेब.

त्याच्या अंगणात शिरली आणि ती थबकली. फळझाडांखाली दहा ओटे होते आणि एकावरही पेटी नव्हती. जुलैच्या भर दुपारी त्या बागेत आवाज नव्हता.

ल्युदविकास दारात आला.

"माश्या कुठायत?" मोर्ताने विचारलं.

"विकल्या."

"काय केल्यास?"

"विकल्या गं. वय झालं. उचलवत नाहीत आता पेट्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मोर्ताला तेवढं पुरलं. ल्युदविकासने जंगलाला आग लावली असं कुणी सांगितलं असतं तर तिने अर्धंमुर्धं खरं मानलं असतं. माश्या विकल्या हे खरं असणं शक्यच नव्हतं. इतकं वाईट खोटं तोच बोलू शकत होता, कारण त्याला सवयच नव्हती.

ती काही न बोलता बागेच्या मागे गेली. कुंपणापाशी वाळू उकरून पुन्हा लोटलेली दिसत होती, कडेला काळं पडलं होतं. तिने बुटाच्या टोकाने वाळू सारली. राख, कोळसा, मेणाचे काळे गोळे आणि तारांचा गुंता. सगळ्या लोखंडी. त्यांतच आगीने काळवंडलेल्या काही तारा वेगळ्या होत्या. तिने एक उचलून एप्रनला घासली, आणि आतून तांबूस निघाली.

"सड लागली होती," ल्युदविकास मागून म्हणाला. "अळ्यांची सड. काडी घातली की अळीचा चिकट धागा ओढला जातो, सुताराच्या सरसासारखा वास येतो. त्याला औषध नाही. संध्याकाळी सगळ्या घरी आल्या की दारं बंद करून जाळायचं, दुसरं काय करणार?"

"कुठून आली?"

त्याने बुटाने वाळू परत लोटायला घेतली.

"ल्युदविकास, कुठून आली? त्या लाल दोरीच्या गठ्ठ्यातून?"

"ज्या पेटीत ती पोळी आधी घातली, तिथूनच सुरू झालं," तो म्हणाला. "त्या सडीचं बी पोळ्यात पन्नास वर्षं जिवंत राहतं. सिल्वेस्त्रासच्या तीन पेट्या एका हिवाळ्यात गेल्या होत्या बघ, तो म्हणायचा थंडीने गेल्या. तेव्हाच लागली असणार. पेट्या जाळल्या त्याने, पण थोडी चांगली दिसणारी पोळी जाळवली नसतील. मीही जाळताना... जाऊ दे."

"मग विकल्या का म्हणालास?"

"दुसरं काय सांगणार होतो? नवरा जाऊन तुझं हे असं झालंय, त्यात हे कुठं घालू? आणि तो माझा सोयरा. सोयऱ्यावर आळ घेत नसतात." मग म्हणाला, "मेलेल्यावर तर नाहीच."

तिने पाव आणि काकड्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. बरणी उघडली नाही. ज्याच्याकडे माश्याच नाहीत तो मधसोयरा कसला, असं तो म्हणाला.

परतताना ती दफनभूमीत गेली. दंताळं घेऊन कबरीवरच्या वाळूत नेहमीसारख्या रेघा ओढल्या. नवऱ्याला चार शब्द सुनवायचे होते. एक गठ्ठा जाळवला नाही तुला? बरं नाही जाळवला, तर मला सांगवलंही नाही? तिने हे मोठ्याने म्हटलंसुद्धा. पण राग आलाच नाही. तोंड बोलत होतं आणि आत सुईचा बधिरपणा तसाच होता. रेघा मात्र सरळ आल्या.

गुरुवारी फाट्यावर दुकानाची गाडी येते. जंगलाच्या दोन्ही बाजूंची माणसं पाव, साखर आणि बातम्या घ्यायला तिथं जमतात. ल्युदविकास रांगेत खाली मान घालून उभा होता, आणि ब्रोनेने त्याला गाठलंच.

"काका, तुमच्या बागेत म्हणे सामसूम आहे. माश्या गेल्या कुठं?"

"विकल्या," तो म्हणाला.

गाडीवाल्या बाईचा पाव कापायचा हात थांबला.

"विकल्या?" ब्रोने म्हणाली. "देवाघरच्या माश्या? आणि घेतल्या तरी कुणी? आपल्याकडे असा कोण निघाला?"

ल्युदविकासचं खोटं तिथं संपत होतं. गिऱ्हाईक त्याने ठरवलंच नव्हतं. त्याचे कान लाल झाले, ओठ हलले आणि शब्द फुटेना. अजून थोडा वेळ गेला असता तर त्याने खरं सांगितलं असतं, मग गठ्ठा निघाला असता, आणि मग सिल्वेस्त्रास.

"मी घेतल्या," मोर्ता म्हणाली.

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली.

"मावशी, तुम्ही?" गाडीवाली म्हणाली.

"हो, मी. पैसे मोजून घेतल्या, माझ्याच पेट्यांत भरल्या. तो नको म्हणत होता, मीच गळ घातली. पुढं काय विचारायचंय?"

ब्रोनेने छातीवर क्रूसाची खूण केली. मग पिशवीत हात घालून तिने मधाची बरणी काढली. मोर्तानेच दिलेली ती बरणी ती मुलीकडे पाठवायला घेऊन आली होती. तिने ती मोर्ताच्या हातात परत ठेवली.

"राग मानू नकोस, पण हा मध आमच्या घरात नको. लेकुरवाळं घर आहे."

पुढची बाई थोडी सरकून उभी राहिली. मोर्ताचं तोंड तापलं, मग कान, मग मान. शरम वाटत होती. चाळीस वर्षं ज्यांच्या बारशांना मध दिला त्यांच्यासमोर चोरासारखं उभं राहणं तिला लागलं, चांगलंच लागलं. पाव न घेताच ती सायकल ढकलत निघाली. बरणी हँडलच्या पिशवीत खडखडत होती.

पाइनच्या झाडांत शिरली आणि तिला रडू कोसळलं. सहा महिन्यांचं रडू ते, बेतानं थोडंच येतंय. सायकल झाडाला टेकवून ती वाळूत बसली आणि सिल्वेस्त्रासला हवं ते बोलली. गाढवा म्हणाली, लबाडा म्हणाली, आणि मला टाकून गेलास म्हणाली.

मागून ल्युदविकास सायकल ढकलत आला. तो तिच्या शेजारी बसला नाही, समोरही उभा राहिला नाही. थोडा लांब, पाठ करून थांबला. तिचं नाक शिंकरून झाल्यावर म्हणाला,

"असं करायला नको होतंस. ब्रोने मरेपर्यंत विसरणार नाही."

"नाही विसरली तर नाही." मोर्ताने डोळे पुसले. "रविवारी गाडा घेऊन ये. एक पेटी घेऊन जा."

"मला नको."

"घेऊन जा म्हणते ना. तुझ्याच माश्या आहेत, विकत घेतल्यात मी."

तो तिच्याकडे वळला. मग विचारलं, "कुठली नेऊ?"

"हवी ती ने. पण बघ, सगळ्यांत तांब्याचीच तार आहे."

"चालेल," ल्युदविकास म्हणाला.

मग तिने पिशवीतून परत आलेली बरणी काढली. चमचा नव्हता. दोघांनी बोटंच बुडवली.