फिल्टरकाकांचं एवढंसं पाणी

फिल्टरकाका कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला आधी उजेडाला धरायचे, मगच प्यायचे. घरची बाई ओशाळायची, पण काकांच्या ते गावीही नसायचं. जलशुद्धीकरण केंद्रात उभा जन्म शिफ्टमध्ये काढलेला माणूस, म्हणून फिल्टरकाका. राहायचे बदलापूरच्या मांजर्लीत. त्यांचं खरं नाव आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

मंडळ म्हणजे बदलापूरचं आमचं हायकू मंडळ. दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. महिन्यातून एका रविवारी सकाळी अध्यक्षांच्या गच्चीवर दहाबारा जण जमायचो. मी अंबरनाथच्या शाळेत मराठी शिकवायचे, एम.ए. पहिल्या वर्गात, शिवाय मंडळाच्या वार्षिक अंकाची संपादक. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराशी घासाघीस करून हायकूंसाठी खास मखमली डायरी आणली होती. काकांकडे कॅलेंडरची फाडलेली पानं. आणि त्या पानांवर काय एकेक लिहिलेलं असायचं! ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची.

"काका, पाच-सात-पाच अक्षरं बसत नाहीत हो," मी टोकायचे.

"बाई, दिसलं तेवढं लिवलं. मोजत बसलो तर ते थांबतंय का?"

एकदा पावसाळ्यात मंडळाची सहल बारवी धरणावर गेली. तिथे प्रत्येकाने समोर दिसेल त्यावर एक हायकू लिहायची आणि सर्वांत चांगली अंकाच्या मुखपृष्ठावर छापायची, असं ठरलं होतं. ते मुखपृष्ठ मला हवं होतं. अगदी जीव टाकला होता मी त्यावर. मी बोटांवर अक्षरं मोजत होते, तेवढ्यात काकांनी हळूच हाक मारली, "बाई, खंड्या!" मान वर करेपर्यंत पाण्यावर नुसती वलयं. "गेला," काका म्हणाले. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं माझ्यासाठी.

मग त्यांनी आपलं पान वाचलं:

काठोकाठ धरण
बगळ्याच्या पायाशी
एवढंसंच पाणी

सगळे बगळ्याकडे बघायला लागले. तो बगळा माझ्याही समोरच उभा होता की! मला का नाही दिसला? मुखपृष्ठ काकांना मिळालं. माझ्या हायकूला कुणीतरी नुसतं "छान" म्हणालं.

अंक छापायला देण्याआधी ते पान माझ्याकडे आलं. आपण फक्त अक्षरं बसवतोय, असं मी स्वतःला बजावलं. कसलं काय! मला ती शेवटची ओळ सहन होत नव्हती. काकांच्या नावावर छापून आलं ते असं:

धरणकाठी
बगळ्याच्या पायाशी
निळाई शांत

अंक हातात पडल्यावर काकांनी मुखपृष्ठ दोनदा वाचलं. "बाई, पाणी गढूळ होतं हो त्या दिवशी."

"अक्षरं बसत नव्हती, काका."

"असंल," म्हणाले आणि अंक पिशवीत ठेवला. भांडले नाहीत. दर महिन्याला येत राहिले, सगळ्यांचं मन लावून ऐकायचे. पण त्यांची पाळी आली की म्हणायचे, "आज काय दिसलं नाय." दोन वर्षं हेच. सुरुवातीला, लाज वाटते सांगायला, मला हायसं वाटलं होतं. नंतर त्यांची पाळी आली की मी गच्चीच्या कठड्याकडे बघत बसायचे. एकदाही तोंड उघडून माफी मागितली नाही.

काका गेले ते हृदयविकाराने, झोपेतच. शोकसभेत अध्यक्षांनी मुखपृष्ठावरची हायकू वाचली आणि सगळे हळहळले. मला राहवेना. मी उठले, ती मी बदलली होती हे सांगून टाकलं. जळून बदलली, हेही सांगितलं. मग काकांची मूळ हायकू म्हणून दाखवली.

अध्यक्ष उठून म्हणाले, "बाई, हा तुमचा मोठेपणा. काकांच्या कच्च्या ओळींचं तुम्ही सोनं केलंत." लोकांनी माना डोलावल्या. असलं कौतुक ऐकायला मी वर्षानुवर्षं तळमळले होते.

मागच्या खुर्चीवरून काकांची मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबांचीच म्हणा ना परत."

मी परत म्हटली. खरं सांगते, म्हणतानाही पोटात दुखत होतंच.