सर्कलच्या मधून बघितलं तर

आम्ही तिघं माळीकाम करतो. बाग कुठं? भर चौकातल्या गोल सर्कलमधी! चारी बाजूंनी गाड्या आन् मधी मी, शब्बीरचाचा आन् कांताबाई. रोपं जगोत न जगोत, किस्से मात्र बिनपाण्याचे वाढतात.

सर्कलला डाव्या बाजूनं वळसा घालायचा, आधीच फिरत असलेल्याला जाऊ द्यायचं. एवढंच तर हाय! पण एक स्कूटरवाले सर रोज उलटे घुसायचे. एकदा चाचांनी अडवलं. सर उखडले, "अहो, मला फक्त पंधरा फूट जायचंय!"

चाचा म्हणाले, "सर, मरायला दोन फूट बी बास होतात!"

गंगापूरकडची एक जीप तर थेट वाफ्यातून आरपार! शेवंतीचा पार चेंदा. मी टायरखालून रोपं ओढतेय आन् ड्रायव्हर मलाच म्हणतो, "मावशी, रस्त्याच्या मधी झाडं लावतं का कुणी?"

मग बोर्ड लागला, 'उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्या.' दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स! मी दोऱ्या सोडून ते काढलं, घडी घालून ठेवलं. चार जण तणतणत आले, "भाऊंचं फ्लेक्स कुणी काढलं?"

"मी काढलं. भाऊ उजवीकडून आले तर त्यांना बी आधी जाऊ देऊ की!"

एकदा ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली. शिकणारी बाई घामाघूम. उस्मानपुऱ्याकडं वळायचं होतं, पण घुसणारे तिला बाहेरच पडू देईनात. एक फेरी, दोन फेऱ्या, सहा फेऱ्या! बाई रडायलाच लागली. मागून हॉर्न वाजतायत, आन् लोक हसतायत! चाचांनी झाडांचा पाईप उचलला आन् धार रस्त्यावर सोडली. कचकन ब्रेक लागले सगळ्यांचे! बाई निघून गेली.

चाचा म्हणाले, "देखा? इन्सान को नहीं रुकते, पानी को रुकते!"

पण कांताबाईचं आठवलं की अजून डोकं फिरतं. ती रोपांची पाटी घेऊन सर्कलकडं येत होती. उजवीकडं बघितलं, रस्ता मोकळा. पाऊल टाकलं तर डावीकडून, उलट्या दिशेनं बाईक! पाय मोडला. ती तिथं कण्हतेय आन् तो गडी आरसा सरळ करत म्हणतो, "मावशी, दोन्हीकडं बघायचं असतं!"

तीन महिने ती घरी. परत कामावर आली त्याच दिवशी एक भली मोठी काळी गाडी उलटी घुसली. कांताबाई लंगडत गेली आन् हात वर करून बोनेटसमोर उभी राहिली. मी ओरडतेय, "अगं, सरक!" ती हलेना.

काच खाली आली. आतला माणूस गरजला, "ए बाई, मला ओळखत नाहीस का?"

कांताबाई म्हणाली, "ओळखते की. उलटं येणाऱ्याला मी लई जवळून ओळखते."