रिकाम्या वॉर्डातली बेल

परवा भरदुपारी माझी टरकली... अगदी घाम फुटेपर्यंत.

घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये मी आयटीत आहे. घरी ठाकुर्लीत सगळ्यांना वाटतं, पोरगा एसीत बसून असतो. खरं तर दिवसभर प्रिंटरची मनधरणी आणि डॉक्टरांचे विसरलेले पासवर्ड.

जेवण होतंय तोच चौथ्या मजल्यावरच्या कदम सिस्टरांचा फोन. पाचव्या मजल्यावरच्या ५०४ मधून पेशंटची बेल वाजत होती, आणि पाचवा मजला रंगकामासाठी बंद, म्हणून तर तिथल्या बेल चौथ्यावर वळवलेल्या... रंगारीही जेवायला गेलेले. मावशींनी तर काउंटरवर लिंबूसुद्धा आणून ठेवलेलं.

"अरे निखिल, ती बेल आधी सिस्टिममधून काढून टाक बाबा. त्या रूममध्ये मागच्या महिन्यात एक आजी गेल्यात," सिस्टर म्हणाल्या.

काढायला एक क्लिक पुरे. पण आमच्या कामात शिस्त आहे, वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय सिस्टिममधून काढायची नाही. गेलो वर.

सगळ्या कॉटवर प्लास्टिक अंथरलेलं, रंगाचा उग्र वास, कुठे चिटपाखरू नाही. ५०४ मध्ये कॉटच्या उशाशी बघितलं... बेलच नव्हती. भिंतीत स्क्रूची भोकं फक्त.

तेवढ्यात सिस्टरांचा परत फोन. "आत्ता पुन्हा वाजली रे."

अंगावर सर्रकन काटा आला. मी देवबिव फारसा मानत नाही, तरी तोंडातून रामरक्षा सुरू झाली.

मग डोक्यात आलं, बेल इथे नाही म्हणजे कोणीतरी काढून नेलीय. आमच्या बेल वायरलेस. दुसऱ्या मजल्यावर कालच एक नवी रूम सुरू झालेली... मेंटेनन्सवाल्यांनी इथली बेल तिथे लावली असणार, आणि सिस्टिममध्ये रूम नंबर बदलायला आम्हाला सांगायचं राहिलं असणार. म्हणजे बेल दाबणारा दुसऱ्या मजल्यावर, आणि ती वाजतेय चौथ्यावर, ५०४ च्या नावाने.

जिन्याने धावत सुटलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नव्या रूममध्ये एक आजोबा. घशाचं ऑपरेशन झालेलं, गळ्यात नळी, आवाज नाही. नळीत कफ अडकून चेहरा काळानिळा पडलेला, मुलगी औषधं आणायला खाली गेलेली. अंगठा बेलवर घट्ट. मी ओरडून तिथल्या सिस्टरांना बोलावलं, त्यांनी मशीनने कफ ओढून काढला, आणि हळूहळू आजोबांच्या चेहऱ्यावर रंग आला.

तरी ते बेल सोडेनात. माझा फोन पुन्हा वाजला. कदम सिस्टर कुजबुजत होत्या, "निखिल, अजून वाजतेय रे..."

"वाजू दे सिस्टर. माणूस आहे," मी म्हणालो, आणि तिथेच खाली बसून रडलो.

एवढे सगळे आम्ही ती बेल ऐकत होतो. कोणीतरी मदत मागतंय, हे मात्र आधी एकाच्याही मनात आलं नव्हतं... माझ्यासुद्धा.